पेव

पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत.
तोंडावरची माती सारून
दिवसभर तसंच उघडं ठेवतात,
आत कोंडलेला वारा जाऊ देतात,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात.
कंदील विझला तर माणूस उतरत नाही.
हे हरिपुरातलं शेंबडं पोरही सांगेल.
मला मात्र तिसऱ्याच दिवशी
जो तो विचारायला लागला :
उठतीस का?

काष्ठौषधीच्या दुकानातून यानं नऊ पुड्या आणल्या,
वर्तमानपत्रात बांधलेल्या,
एकीवरही नाव नाही.
"यादी त्यांनीच ठेवून घेतली," म्हणाला.
मग मांडीवर लेक, पुढ्यात पुड्या,
मी नाकानं वाचत बसले.
बाळंतशेपा लगेच कळल्या :
थोरल्या बहिणीची खोली, बाजेखालची शेगडी,
आणि दाराबाहेर थांबवलेली मी.
वावडिंग मिऱ्यासारखं, पण भित्रं.
डिंक बोटांना कळला, सुंठ शिंकेला,
पिंपळमूळ नुसत्या अंदाजानं.
वेखंडाची पुडी सोडताच लेकीनं तोंड फिरवलं,
म्हणजे वेखंडच.
नववी उघडली आणि सासूबाई उंबऱ्यातच बसल्या,
"आरं द्येवा! हरपुरात हळद इकत आणली व्हय रं?"
पदर तोंडात कोंबून हसले,
तरी टाके ओढलेच.

सासूबाई पहाटे निघतात
दुसऱ्याच्या कायलीवर हळद शिजवायला, रोजानं.
दिवसभर घरात आम्ही दोघीच,
एक रडणारी आणि एक न रडणारी.

मालिशीला झुलेखाबी यायची.
सहा दिवस आली.
पाठीवर तिचा अंगठा असा चालायचा
जसा कुणी हरवलेला पैसा शोधतंय.
सातव्या दिवशी निरोप :
लेक अडली आहे आष्ट्याला.
तेल कोमट कर, आपलं आपण चोळ.

आपलं आपण.

मोरीत पाटावर बसले.
वाटीत तिळाचं तेल,
त्यात तडतडून निवलेला ओवा, लसणीच्या चार पाकळ्या.
टाचा चोळल्या, पोटऱ्या चोळल्या,
त्या ओळखीच्या होत्या.
पोटाशी येऊन हात थांबला.
ओतून झटकलेल्या पोत्यासारखं सैल, चुरगळलेलं.
इतकी वर्षं याला साबण लावला,
यावर निऱ्या खोचल्या,
हे डॉक्टरीणबाईंना दाखवलं.
हात नुसता ठेवला असा कधीच नव्हता.
आधी झुलेखाबीसारखा फिरवला, गोल, हळू.
मग तिच्यासारखा राहिला नाही.

लेकीला शेजारी दिलं
आणि बाजेखाली शेगडी सरकवली.
निखाऱ्यावर शेपा, ओवा, लसणीची सालं.
धूर सुंभातून वर आला,
कंबरेत शिरला,
जिथं त्या रात्री कळ मावत नव्हती तिथं.
डोळे वाहिले.
धुरानं, असं म्हणता आलं असतं,
पण विचारायलाही कुणी नव्हतं.
म्हणून मग नीट रडले.

रात्री अळीव नारळाच्या पाण्यात घातले होते.
सकाळी बेडकाच्या अंड्यांसारखे टरारून फुगलेले.
गूळ, खोबरं, वर जायफळ किसलं.
पहिला लाडू वळला
आणि सवयीनं याच्या ताटलीत ठेवला.
थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले.
मग उचलला.
चुलीपाशी उभ्या उभ्या नाही.
भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून,
अख्खा.

सव्वा महिन्याला अजून बावीस दिवस.
सांजेला सासूबाई आल्या,
कोपरापर्यंत पिवळ्या,
दगडानं घासल्या तरी रंग निघेना.
हात घासता घासताच म्हणाल्या,
"मग, उद्यापास्नं उठतीस का?"

"कंदील सोडलाय, आत्या.
बघू."

त्यांनी काही विचारलं नाही.
बंबातलं पाणी काढलं,
बादली दोन्ही हातांनी उचलली,
आणि माझ्या मोरीत नेऊन ठेवली.
कडीवर पिवळी बोटं उमटली होती.