नजरेपुढची जागा

प्राणी ज्या बाजूला बघतो
त्या बाजूला जागा सोडायची.
हे कुणी शिकवलं नाही.
अशोक चौकातल्या स्टुडिओत नवऱ्यानवरीचे फोटो
कापता कापता कळलं,
नाकासमोर भिंत आली की चेहरा गुदमरतो.

माघातली पहाट, नान्नजचा माळ.
मी पोटावर, स्वेटरभर कुसळं,
लेन्सखाली ज्वारी भरलेली उशी,
लेन्सचे सात हप्ते बाकी.
वॉचर मैनुद्दीन मागून कुजबुजला,
"खालीच राहा. तिच्या डोळ्याच्या उंचीला."
आधी फक्त गवत थांबलं,
मग त्याला कान फुटले.
लांडगीण.
सहा वेळा शटर. पाच फोटो हललेले.

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले.
बाभळीला अडकलेली दुधाची पिशवी काढली,
मग विजेचा खांब, मग तारा, एकेक,
लग्नातल्या मामांच्या कपाळावरचा चामखीळ काढते तशा.
सावल्या उचलल्या. डोळ्यांना धार लावली.
सूर्य थोडा नारिंगी केला,
मग अजून थोडा.
इतका देखणा सूर्य सोलापुरात उगवल्याचं
कुणालाच आठवत नसेल.

उजव्या कडेला एक कोपर होतं.
घोंगडीचं टोक, अर्धी काठी.
कडा आत ओढावी तर नजरेपुढची जागा जाते,
म्हणून त्याच्यावर गवत पेरलं,
त्याच फोटोतलं, डावीकडून उचललेलं.
दीड वाजता ती अख्ख्या माळावर एकटी होती,
आणि भलतीच सुंदर.

सकाळी प्रिंट नायनांना दाखवली.
चाळीस वर्षं त्यांनी चादरींची डिझाइनं काढली,
आलेखाच्या घरांत मोर, कमळ, पुन्हा मोर,
पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडली.
एक भोक चुकलं तर मोराची मान तुटते
आणि चादरभर तुटतच राहते.
कान मागाच्या खडखडाटानं नेले. डोळे आहेत.
त्यांनी प्रिंट हातात घेतली आणि उलटी केली.
सवयच ती. आमच्या चादरीला मागची बाजूही असते,
तिथे लालाचं पांढरं, पांढऱ्याचं लाल, मोर तोच.
इथे मागे कोरा कागद.
पुन्हा सुलट केली. बराच वेळ पाहिली.
मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
"अम्मा, हे कुणाकडं बघतंय?"

मी म्हटलं, लांब कुठंतरी.
ऐकू गेलं नाही.
दुसऱ्यांदा म्हणवेना.

त्या रात्री एकेक पायरी मागे आले.
पेरलेलं गवत उपटलं.
काठी आली, घोंगडी आली, कोपर.
दोनशे टक्क्यांवर माणसाची घरं घरं होतात,
नायनांच्या आलेखासारखी.
तरी एवढं दिसलं की काठी उगारलेली नव्हती.
जमिनीत टेकवलेली, तिच्यावर कोपर रेललेलं.
सूर्य परत फिकट केला, बार्शी रोडच्या धुळीचा.
खांब राहू दिला, वाकडा आहे तसा.
दुधाची पिशवी तेवढी काढलेलीच ठेवली.
चालतं का, माहीत नाही.

मैनुद्दीनला मोबाइलवर दाखवला.
लांडगिणीकडे त्यानं पाहिलंच नाही.
"ही घोंगडी बिरूची," म्हणाला.
"दिवाळीत दोन कोकरं नेली हिनं त्याची."
दोन बोटांनी मोठं करत गेला, अजून मोठं,
"आणि बघ की, उभा कसाय."

बिरूसाठी एक प्रिंट काढलीय.
"ह्यात मी कुठं हाय?" असं विचारेल तो.
तिच्या डोळ्यांवर बोट ठेवायचं म्हणतेय.