समास

वाळपईहून सुटणाऱ्या सकाळच्या कदंबात,
ड्रायव्हरच्या मागे, डब्यांच्या पिशवीशेजारी
एक दोनशे पानी वही असते.
बुधाजी कंडक्टर तिचं तिकीट फाडत नाही.
सोमवारी चरावण्याला माझ्याकडे,
गुरुवारी हिवऱ्याला शाणू माजीक यांच्याकडे,
मधे कधी कोपार्ड्याच्या सुकांतीबाईंकडे.
त्यांच्या धाकट्याने एकदा फणसाचा चीक लावला,
दोन पानं अजून चिकटलेली आहेत.
आत काय होतं, कुणालाच आठवत नाही.

एका शिक्षकाची शाळा म्हणजे
घंटा मी, हजेरी मी,
दुपारचे पाव मोजणारी मी.
चार इयत्ता, एक खोली, अकरा मुलं,
आणि माझं चुकलं तर सांगायला
मोठं माणूस कुणी नाही.

म्हणून पहिल्या पानावर लिहिलं होतं:
‘आज वजाबाकी चुकली. मुलांची नव्हे, माझी.
त्रेचाळीसातून सतरा. हातचा कुठून आला
हे सांगता सांगता ओरडले.
दीक्षा तेव्हापासून पाटी पालथी धरून बसलीय.’

वही परत आली.
समासात, पेन्सिलीने, मुंगीएवढं अक्षर:
‘हिरांची जुडी कोण सोडतं? तुम्ही की ती?’

एवढंच.
राग आला. तेवीस वर्षं शिकवतेय,
आणि हा कोण पेन्सिलवाला.
रात्री भांडी घासताना आठवलं,
जुडी मीच सोडते, दरवेळी,
वेळ वाचावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी जुडी दीक्षाच्या हातात दिली.
तिनं गाठ दातांनी सोडली.
दहा हीर शेणाच्या जमिनीवर पसरले
आणि ती ओरडली,
‘बाई, हे भितरच आशिल्ले!’
तसंच लिहून पाठवलं, कोंकणीतच.

मग त्यांचं पान आलं:
‘माझी मुलं माझ्यासमोर वाचत नाहीत.
शेळ्यांना वाचून दाखवतात.’
मी समासात: ‘पाठ फिरवून बसून बघा.’
पुढच्या गुरुवारचं: ‘बसलो.
भिंतीकडे बघत अख्खा धडा ऐकला.’

व्याकरणात समास म्हणजे शब्दांचं जवळ येणं.
वहीत ती नुसती कोरी सोडायची जागा.

मार्चमध्ये तालुक्याच्या प्रशिक्षणात भेटले शाणू माजीक.
सव्वीसचा असेल, कानामागे पेन्सिल.
चहा पातळ आहे म्हणाला. मी म्हटलं, हो ना.
बसच्या वेळा बोललो, रखडलेली वेतनवाढ बोललो.
पडद्यावर साहेबांनी मोठ्या अक्षरात आणलं, ‘चिंतनशील शिक्षक’,
तेव्हा दोघंही पंख्याकडे बघत होतो.
वहीचं नाव कुणी काढलं नाही.

आता शेवटचं पान माझ्याकडे आहे.
‘भागाकार. ओजस विचारतो,
सगळ्यांना सारखं वाटलं, तरी बाकी का उरते?
मी म्हटलं, उद्या सांगते.
मला माहीत नाही.’

समास जरा रुंद सोडलाय.