तळटीप सत्तेचाळीस

शनिवारी साडेचारला, जेलरोडवर,
पिठाच्या गिरणीच्या माडीवर
आम्ही सहा जण सुंग काळात जातो.
जिन्यात धात्रक गिरणीवाले विचारतात,
"आज कुठलं सोंग?"

गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं
आणि नऊशे वर्षांपूर्वीच्या डोंगरावर
हलकेच पीठ बसतं.
गायधनीबाई चष्मा पुसून सांगतात,
"हे धुकं चित्रातलं नाही हं. ज्वारीचं आहे."

बाई चिनी शिकल्या साठी उलटल्यावर.
याकूब कोकणी येवल्याहून रेशमाचे तुकडे आणतो,
ताणा-बाणा मोजून
चित्राखालच्या कापडाचा अंदाज बांधतो.
कुलथ्यांची रेवा सगळ्यांत लहान,
अक्षरातल्या रेघांचा क्रम तिला झोपेतही चुकत नाही.
एक जोशी आहेत, ते वाद घालतात.
मी इतिवृत्त लिहितो. चहाचे पैसेही माझ्याकडे.

आणि पगारे.
नोटांच्या छापखान्यात चौतीस वर्षं तपासनीस.
करकरीत कागद बोटांखालून जायचे, दिवसभर,
शोधायचा तो फक्त चुकलेला.
पहिल्यांदा आले ते एवढंच विचारायला :
"कागदी नोट आधी चिन्यांनी काढली म्हणतात.
मग ती तपासायला कोण होतं?"

बाईंकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.
तुतीच्या सालीचा कागद सापडतो,
काळा ठसा, तांबडा ठसा,
खोटी नोट करणाऱ्याची शिक्षासुद्धा सापडते.
तपासनिसाचं नाव कोण लिहून ठेवतो?

गेल्या माघात तैपेईहून एका चित्राचे फोटो आले.
कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून
तीन विद्यापीठं वीस वर्षं बोलत नव्हती.
पगाऱ्यांनी भिंग लावलं.
खाली दोन पायल्या दळून होईपर्यंत गप्प.
मग म्हणाले, "चीर आधीची. शिक्का नंतरचा.
बघा, शाई चिरेत उतरलीय.
सलग कापड शाई धरतं, चिरलेलं पितं."

"म्हणजे खोटा?" रेवा.
"खोटा कुठं म्हणालो? उशिराचा म्हणालो.
उशिरा येणं हा काही गुन्हा नाही."
जोशीसुद्धा काही बोलले नाहीत.

आठ महिन्यांनी एक जाडजूड अंक आला, सगळा चिनीत.
तळटीप सत्तेचाळीस.
रेवाने बोट ठेवून वाचलं : पा. जिया. लेइ.
"काका, हे तुम्ही."

तो जुना भिक्षू या मुलखात आला,
तेव्हा कानाला लागलं तसं लिहून गेला : मो-हो-ला-चा.
तो नाशकात आला होता की नाही
यावर आमच्यात दोन तट आहेत,
हवा निवळ असेल त्या दिवशी
खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दाखवत भांडतो.
पण अख्खा महाराष्ट्र चार अक्षरांत मावला होता,
पगाऱ्यांना तीन मिळाली, हे थोडं नाही.

"अर्थ काय होतो?" पगारे.
बाई म्हणाल्या, नावात अर्थ शोधायचा नसतो,
तिथे अक्षरं नुसती आवाजापुरती येतात.
तरी रेवाने सांगून टाकलं :
पहिलं रुमाल. दुसरं बेरीज. तिसरं मेघांचा गडगडाट.

पगाऱ्यांनी खिशातून रुमाल काढला,
भिंग पुसलं, पुन्हा पुसलं.
"मोजत तर जन्म गेला," म्हणाले,
"आणि मशिनींच्या आवाजात हा डावा कान.
पण हे त्यांना कळवलं कुणी?"

इतिवृत्तात मी लिहिलं :
उपस्थिती सहा. चहा बहात्तर रुपये.
अंक एक, पोच दिली.
खाली धात्रकांनी पट्टा चढवला.
पगाऱ्यांनी उजवा कान रेवाकडे केला
आणि म्हणाले, "तळटीप अठ्ठेचाळीस वाच.
तो कोण आहे बघू."