उशीर नावाचं फोल्डर

कूलर बंद केल्याशिवाय रेकॉर्डिंग होत नाही,
म्हणून भर मे महिन्यात, कमाल चौकात,
बॅटरीच्या दुकानावरच्या खोलीत
चहांदेकाकांनी बनियनवर वाजवलं.
चार टेक. मधे दोनदा दुपट्टा पिळला.

आता रात्र आहे, कूलर चालू आहे,
आणि मी काकांचा डावा हात बघत बसले आहे.
ऐकत नाही, बघत.
पडद्यावर प्रत्येक ठोका म्हणजे एक केसाळ सुरवंट,
डोक्याकडे जाड, शेपटीकडे विरत गेलेला,
आणि त्यांच्यामागे उभ्या रेघा, सारख्या अंतरावर,
खिडकीच्या गजांसारख्या.
उजवा हात रेघेवर येतो.
डावा येतो अठरा मिलिसेकंदांनी.

मौंदेकर म्हणाला, सगळं ग्रिडवर आण,
वरून माझा लूप बसला पाहिजे.
पैसे तोच देतो.

पण एक स्नेअर सरकवायचा तर तो एकटा सरकत नाही.
तो किकच्या माइकात आहे, टॉमच्या माइकात आहे,
छताला टांगलेल्या दोघांत तर आहेच.
आठही पट्ट्या एकाच जागी कापाव्या लागतात.
शेताची मोजणी आली की
सगळे भाऊ बांधावर हजर लागतात, तसं.
नाहीतर एकाच माणसाचे आवाज
एकमेकांना खाऊन टाकतात.

कापते. ओढते. सांधते.
सांध्यावर टक्‌ वाजू नये म्हणून
इतवारीतला रफूवाला जसा आधी कडा उसवतो
आणि धागे धाग्यांत शिरवतो, तसं
एकाला उतरवत दुसऱ्याला चढवते.

टॉम या गाण्यात अकरा वेळा वाजतो.
बाकी सगळा वेळ त्याचा माइक
नुसता कान देऊन बसलेला.
त्यात सापडलं:
गोंदिया लाइनीवरची मालगाडी, जमिनीखालून गेल्यासारखी;
खालच्या गल्लीत ‘सांबाऽर, मेथी, पालक’;
स्टुलाचा ढिला स्क्रू;
आणि प्रत्येक मोठ्या उठावाआधी
काकांचं ‘हं’,
नाकातून, स्वतःलाच परवानगी दिल्यासारखं.
मालगाडी पुसली. सांबार पुसलं.
‘हं’वर बोट थांबलं जरा,
मग तेही पुसलं. काम ते काम.

बावीस वर्षं काका धुमाळात होते.
त्या दिवशी चहा पिताना मी विचारलंच,
डावा हात मागे राहतो, काका, तुम्हाला माहीत आहे?
‘गाडी मागं, आमी समोर,’ ते म्हणाले.
‘मागचा आवाज येऊ द्या लागते पोरी, मंग माराचं.’
मी नंतर कॅल्क्युलेटरवर पाहिलं.
अठरा मिलिसेकंदांत आवाज वीस फूट चालतो.
म्हणजे भोंग्यांच्या गाडीपासून, अंदाजे,
कमरेला ताशा बांधून चालणाऱ्या माणसापर्यंत.
गाडी केव्हाच विकली.
हात अजून तिच्यासाठी थांबतो.

रविवारी ते ऐकायला आले.
हेल्मेट मांडीवर, डोळे मिटलेले.
गाणं संपलं तेव्हा म्हणाले,
‘मस्त आहे वं. कोन वाजवलं?’
तुम्हीच की, मी म्हटलं.
‘होय काय बाप्पा,’ म्हणाले,
आणि जिना उतरताना
हेल्मेटवर बोटांनी काहीतरी वाजवत गेले,
ते मला ऐकायचं नव्हतं.

मौंदेकरचे पैसे संध्याकाळी आले. फोनवर, पाचशे कमी.

ठोके पुढे ओढताना त्यांच्याआधीचं जे जे छाटलं
ते मी फेकलं नव्हतं.
एक फोल्डर केलं होतं, नाव दिलं होतं ‘उशीर’.
चारशे बारा तुकडे,
सगळे मिळून साडेसात सेकंदही नाहीत.
ओळीने जोडून लावले.
ठोका एकही नाही त्यांत.
एक तापलेली खोली आहे, कूलर बंद,
आणि एक माणूस, डावा हात वर.