माटोळी

चवथीच्या आदल्या संध्याकाळी
मी स्टुलावर, दोन्ही हात वर,
तोंडात सुंभाची दोरी.
खालून बाबा एकेक फळ देतायत
आणि प्रत्येक फळाबरोबर एक तक्रार:
आंबाड्यांना वास नाही.
तोरंजन घाटावरचं.
आणि ही सुपारीची शिपटी? हिला शिपटी म्हणायचं?

पूर्वी, म्हणाले, शिरोड्यात कुणी माटोळी विकत आणली
तर गाव हसायचं.
आम्ही पहाटे डोंगर चढायचो, कमरेला कोयता.
कांगलीची वेल कुठल्या झाडावर गेलीय
हे पायांना ठाऊक.
पैसा नव्हता. पण माणूस माणसाला धरून होता.

उर्वी दारात, फोनवरचं बोट थांबवून:
आजोबा, पहिला घोस कुणाच्या घरी जायचा?

भाटकारांच्या. रीतच होती ती.
त्यांची माटोळी भरली की मग आपली.
आईला लुगडं द्यायचे. मला एकदा सदरा दिला,
नवा कोरा, बटणांसकट.

आणि सदरा घ्यायला उभे कुठं राहिलात?

दोरी तोंडात होती
म्हणून मला बोलावं लागलं नाही.

बाबांनी चिबूड या हातातून त्या हातात घेतला.
अंगणात. माडाकडे. सावली असायची तिथं.
मग एकदम चिडले:
शिवी दिली तरी नाव घेऊन द्यायचे ते!
तुझ्या पर्वरीच्या बिल्डिंगीत
वॉचमनचं नाव काय, सांग बघू.

तिला ठाऊक नव्हतं.
विचारीन, म्हणाली. पगार वेळेवर मिळतो का
तेही विचारीन.

मधली जागा तशीच राहिली.
रात्रभर पातोळ्यांचे तांदूळ भिजत होते,
घरात तेवढंच काय ते मऊ होत होतं.

पहाटे बाबा अंथरुणात नव्हते, कोयता खुंटीला नव्हता.
डोंगर तर दोन वर्षांमागेच कापला.
वर पत्र्याचं कुंपण,
आत निळ्या पाण्याचे बंगले, वर्षातून पंधरा दिवस उघडणारे.

साडेसातला आले. चपलांना चिखल नाही.
हातात कांगलीचा घोस.
मधोमध बांध, म्हणाले.
पहिला आहे. आधी कुठं दिला नाही.

देठाला रबरबँड होतं,
बाजारात भाजीच्या जुडीला असतं तसलं.
मी पाहिलं, आणि छताकडे बघू लागलो.
उर्वीनं घोस हातात घेतला,
रबरबँड हलकेच सोडवलं
आणि मनगटात चढवलं, बांगडी भरावी तसं.

बाबा दोन पावलं मागे सरून निरखत राहिले.
जरा डावीकडं घे, म्हणाले. तेव्हा डावीकडं असायचा.

कुणाकडं, आजोबा?
तिनं विचारलंच.