दाबून धरायचं

मार्केट यार्डातल्या अडतीवर एकतीस वर्षं
गुळाच्या रव्यांचे आकडे मांडले,
पैचा फरक पडू दिला नाही.
आणि आता ह्या जुन्या गाडीत
अकरा बटणांपुढं
हात मांडीवर ठेवून बसलेय.

क्लच जमला.
बिंदू चौकात गाडी बंद पडली, मागच्या टेम्पोवाल्याच्या
शिव्या खाल्ल्या, तेही जमलं.
हे जमंना.

पुस्तिका नाही. कप्प्यात निघाली
खडीसाखरेची पुडी,
चष्म्याची एक दांडी.
बटणांवरची अक्षरं कुणाच्या तरी अंगठ्यानं
पुसत आणलेली: 'एम' आहे की 'एन',
'लाऊड'मधला 'एल' तर गेलाच.

शाहूपुरीत दस्तगीर मुजावरनं दार उघडलं,
शेजारी बसला, म्हणाला,
"ताई, दाबणं वेगळं आन् दाबून धरणं वेगळं.
नुसतं दाबलं की ते सांगतंय.
धरून ठेवलं की ते ऐकतंय."
मी वहीच्या पाठीमागं लिहून घेतलं.

मग आवाजाची गोल कळ आत ढकलली त्यानं,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा,
आणि थांबला.
"हे कुणी केलंय हो?"
सगळा आवाज मागं. सगळा डावीकडं.
पार टोकाला नेऊन ठेवलेला,
बाकीचे तीन स्पीकर मुके.

"डाव्या खिडकीपाशी कोणतरी बसत असणार," दस्तगीर म्हणाला,
"कमी ऐकू येणारं."
आणि चालवणारा इथं,
माझ्या जागेवर, शांततेत.

त्यानं आवाज मधोमध आणला.
एक ते पाच, माझी स्टेशनं बसवली.
सहावर नुसती खरखर,
तव्यावर जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात तशी.
"काढू?"
राहू दे म्हटलं. का म्हटलं, ठाऊक नाही.

महिन्यानं भाचीकडं बारशाला निघाले, निपाणीला.
कागल सुटलं, दूधगंगेचा पूल गेला,
खड्डा चुकवताना बोट कुठं लागलं कोण जाणे,
सहा नंबर बोलायला लागला.
कानडी. एक बाई, घाई नसलेली.
कानडी मला येत नाही.
पण 'बेल्ला' म्हणजे गूळ, हे यार्डात कुणाला कळत नाही?
आणि आकडे येतात:
मूरु साविरद ऐनूरु.
म्हणजे पन्नासनं चढला होता.
गाडी कडेला घेतली मी,
आणि त्या कुणा माणसाला, नाव न विचारलेल्या,
मोठ्यानं सांगितलं: चढलाय.

परतताना भाचीच्या सासऱ्यांनी
गुळाचा एक रवा दिला.
घसरू नये म्हणून मागं डावीकडं
पट्टा लावून बसवला.
कळ आत ढकलली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा,
आवाज नेला त्याच्यापाशी.
पुलावर बाई पुसट झाली.
कागलपर्यंत खरखर तशीच चालू ठेवली,
मागून येणारी, बारीक.

घड्याळ अजून एक तास दहा मिनिटं पुढं आहे.
दस्तगीर म्हणतो, दोन बटणं एकदम धरायची.
कुठली दोन, ते बघून सांगतो म्हणाला,
त्याला झाले पंधरा दिवस.