नमुना पस्तीस

साहेब, हा घ्या नमुना पस्तीस,
तुमच्या शेऱ्यांची वही.
कोपऱ्यातला डाग खोबरेल तेलाचा आहे,
त्याचा उल्लेख नाही केलात तरी चालेल.

परवाने काचेत आहेत. वीस आणि एकवीस.
सर्जेकोटात काचेला मीठ धरतं,
आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसते
म्हणून अक्षरं अजून लागतात.
वाचा: वैजयंती सखाराम तारी.
तीच मी. कोळंबकर फक्त दुकानाच्या पाटीवर,
सरकारदरबारी मी अजून माहेरीच आहे.

एच-वनचं रजिस्टर इथे.
पत्त्याच्या रकान्यात 'वडाखालचो' लिहिलंय, हसू नका,
टपाल त्याच पत्त्यावर पोचतं.

आता फ्रिज.
तक्त्यावर सोमवारी अकरा अंश दिसतील.
दोन ते आठमधला कुठलाही आकडा लिहिता आला असता,
पेन माझंच होतं.
वीज पहाटे गेली. नऊपर्यंत वाट पाहिली,
मग इन्सुलिन थर्मासात घालून
जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात गेले.
बस्त्यावने फोडलेला बर्फ टॉवेलात गुंडाळला.
म्हटलं, बाटलीला टेकवू नको, गोठलं की फुकट.
तो म्हणाला, बांगड्यापरास नाजूक आसा काय गो ह्या?
ज्या दोन बाटल्यांची मला खात्री नव्हती
त्या त्या खोक्यात आहेत, 'विक्रीसाठी नाही'.
पैसे माझे गेले. ते रजिस्टरात येत नाहीत.

आल्या आल्या विचारलंत, फार्मासिस्ट कुठे आहे?
समोर आहे, साहेब. पांढरा कोट धुवायला टाकलाय,
तेवढा शेरा मारा.
पण हा प्रश्न तुमच्याआधी कुणीतरी
कणकवलीत विचारायला हवा होता.

तिथे हायवेला एक दुकान होतं.
भिंतीवर माझं नाव, एकवीस महिने,
महिना दीड हजार,
एसटीच्या कंडक्टरकडून पाकिटात यायचे.
नाव तिथे उभं असायचं
आणि मी इथे सोलं वाळत घालायची.
एकदाच पाहिलं ते दुकान, गाडीच्या खिडकीतून.
सोळा-सतरा वर्षांचा मुलगा
डॉक्टरची चिठ्ठी डोळ्यांजवळ नेत होता, लांब धरत होता,
पुन्हा जवळ नेत होता.
मग कात्रीने पट्टी कापली त्याने. चार गोळ्या.
कुणाला, कसल्या,
गाडी सुटली.

त्या मुलाने काय वाचलं असेल?
कधी रात्री ती चिठ्ठी मीच वाचायला घेते,
अक्षर लागत नाही.

हा फ्रिज त्याच पैशांतला.
याच्यावर खोटा आकडा लिहायला हात होत नाही,
असं म्हटलं तर तुम्हाला खरं वाटेल,
पण तसंही नाही. कधी कधी हात होतो.
सोमवारी झाला नाही, एवढंच.

थांबा, गिऱ्हाईक आलंय.
'वैजू, कालची ती लाल गोळी दी गो.'
चिठ्ठी?
'घराक रवली.'
मग घेऊन ये, मावशी.
ती तुमच्या बुटांकडे बघते, माझ्याकडे बघते.
'आज साहेब इले म्हणान काय गो?'

साहेब, तुम्ही पेन उचललंत.
लिहा.
मावशीला मी अजून उत्तर दिलेलं नाही.